न वळलेलं वादळ

सासूबाई रोज सकाळी एकच प्रश्न विचारायच्या, "काय म्हणतोय आज वरचा?"

वरचा म्हणजे सूर्य. थोरला मुलगा शाळेत चित्रकला शिकवायचा म्हणून तो 'रंगवाला', धाकटा वीज मंडळाच्या भार नियंत्रण कक्षात म्हणून तो 'तारवाला', आणि सून सूर्यावर नजर ठेवायच्या नोकरीत, म्हणून सूर्य हा सुनेच्या ताब्यातला इसम. वरच्या मजल्यावरच्या खोडसाळ भाडेकरूची चौकशी करावी तशी त्या त्याची चौकशी करायच्या. सून बूट घालता घालता सांगायची, "शांत आहे, आई." कधी म्हणायची, "जरा कुरकुरतोय." त्यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "कुरकुरू दे. वय झालं की माणूस कुरकुरतोच."

स्वतः सासूबाई मात्र कुरकुरत नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. आवाज अजून खणखणीत होता, फक्त दोन वाक्यांच्या मध्ये दम लागायचा. फुप्फुसं कामातून गेली होती. गेली तीन वर्षं हॉलच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरत असायचं आणि त्याची लांब पारदर्शक नळी नाकाला लावून त्या घरभर फिरायच्या. नळीला त्या शेपूट म्हणायच्या. कुणाचा पाय पडला की ओरडायच्या, "अरे, शेपटीवर पाय देऊ नका, चावेन!"

सून ज्या केंद्रात काम करायची ती तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली होती. संगणकाच्या पडद्यांवर चकाकी नको म्हणून खिडक्या कायम बंद. सूर्याचं कार्यालय, पण तिथे ऊन म्हणून यायचं नाही. तीन टेबलं, नऊ पडदे, आणि सूर्याच्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या चित्रांचा अखंड ओघ. त्यातलं एक चित्र तिच्या विशेष आवडीचं. अवकाशातला एक कॅमेरा सूर्याची तबकडी झाकून टाकतो आणि फक्त तिच्या भोवतीचं तेजाचं प्रभामंडळ दाखवतो. त्याला शास्त्रीय शब्द करोना. पण त्या रोगाची साथ येऊन गेल्यापासून फोनवर तो शब्द उच्चारला की पलीकडचा माणूस दचकायचा, म्हणून सगळे प्रभामंडळच म्हणायला लागले होते. या प्रभामंडळातून एक वारा सतत वाहत असतो, सौरवारा. तो पृथ्वीवरूनही जातो आणि सहसा कुणाला कळतही नाही. पण कधीकधी प्रभामंडळाचा एक मोठा लोट सुटून बाहेर फेकला जातो. असा लोट पृथ्वीवर आदळला तर लांबच लांब वीजवाहिन्यांमध्ये नको तो प्रवाह शिरतो आणि मोठमोठे ट्रान्सफॉर्मर आतून जळून जाऊ शकतात. असं काही येतंय का ते पाहायचं आणि वीज मंडळाला आधी सांगायचं, हे तिचं काम. बारा वर्षं ती ते करत होती.

त्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला असा एक लोट सुटला.

सात दिवसांपूर्वी सूर्याच्या कडेवर दिसायला लागलेली एक लांब काळी दोरी आता सरकत सरकत बरोबर मध्यावर येऊन लोंबकळत होती. थंड वायूची ती दोरी चुंबकी बळावर तरंगत असते. बघता बघता ती उचलली गेली आणि नाहीशी झाली. अर्ध्या तासाने प्रभामंडळाच्या चित्रात झाकलेल्या तबकडीभोवती चारही बाजूंनी एक कडं पसरत जाताना दिसलं. असं सगळीकडून सारखं पसरणारं कडं म्हणजे लोट एक तर सरळ आपल्या अंगावर येतोय, नाही तर सरळ पाठमोरा निघालाय. दोरी समोरच्या बाजूची होती. म्हणजे अंगावरच.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे पंडित म्हणत, खुर्ची सरकवून आला. "वेग?"

"सेकंदाला तेराशे किलोमीटर, वाटेत मंदावेल. गुरुवारी सकाळी नऊ ते अकरा."

"आणि दिशा?"

खरा प्रश्न तोच होता. लोटाबरोबर चुंबकी क्षेत्र येतं. त्याची दिशा उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं चुंबकी कवच दार लावून बसतं आणि वादळ बाजूने निघून जातं. दक्षिणेकडे असेल तर दार उघडतं. पण ही दिशा लांबून दिसत नाही. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर एक यान उभं आहे. लोट त्याच्यावरून गेला की मगच कळतं, आणि तेव्हा हातात जेमतेम अर्धा तास उरतो. त्याआधी जे काही सांगायचं ते दोरीचा पीळ कुठल्या बाजूचा होता, ती किती तिरकी होती, यावरून अंदाज बांधून.

ती संध्याकाळपर्यंत पीळ मोजत बसली. तिचा अंदाज असा निघाला: लोटाचा पुढचा अर्धा भाग उत्तरेचा, म्हणजे निरुपद्रवी, मधोमध क्षेत्र वळेल, आणि मागचा अर्धा भाग दक्षिणेचा असेल, तोही जोरदार. धोका आल्या आल्या नाही, तीन-चार तासांनी. पण वळायची वेळ नेमकी सांगता येत नाही, म्हणून वीज बंद ठेवायची ती सुरुवातीपासूनच. केंद्राच्या प्रमुखांनी तिची आकडेमोड दोनदा तपासली. "चूक सापडत नाही," ते म्हणाले, आणि लाल इशाऱ्यावर सही केली.

बुधवारी संध्याकाळी दीर घरी आला. तो चार गल्ल्या सोडून राहायचा, पण आईच्या हातचा नाही तर निदान आईसमोरचा चहा प्यायला एक दिवसाआड यायचा. त्या दिवशी तो चहाला हात न लावता बसला.

"आई, उद्या सकाळी नवाच्या पुढे वादळ आलं की भारनियमन आहे. पाच तास. मोठे ट्रान्सफॉर्मर वेगळे काढून ठेवायचेत. शहरातले चार भाग बंद राहणार." थांबून तो म्हणाला, "त्यात आपला आहे."

थोरल्याने मान वर केली. "आपला? यादी कुणी केली?"

"मी."

"घरात मशीन आहे हे माहीत असून?"

"दादा, कुठलेही चार भाग काढ, त्यात कुणाच्या तरी घरात मशीन असणारच. आपला भाग वगळला असता तर मी कुठल्या तोंडाने..."

"बरोबर केलंस," सासूबाई मध्येच म्हणाल्या. दम घेऊन त्यांनी वाक्य पुरं केलं. "मी तीस वर्षांत घरचा ट्रंककॉल कधी रांग मोडून लावला नाही. तुझे बाबा आजारी होते तेव्हासुद्धा नाही."

सुनेने सुचवलं की उद्याच्या दिवसापुरतं इस्पितळात राहू या, तिथे जनरेटर असतो. सासूबाईंनी हात झटकला. "तिथे मी येणार नाही. तिथे रात्रभर बायका घोरतात आणि सकाळी मलाच विचारतात, झोप लागली का." मग सगळ्यांनी मिळून ठरवलं. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर होता, मिनिटाला दोन लिटरच्या हिशेबाने आठ तास पुरणारा. भारनियमन पाच तासांचं. तीन तास हाताशी. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींना काटा कसा वाचायचा ते थोरल्याने पुन्हा एकदा दाखवलं.

दीर गेल्यावर सासूबाईंनी सुनेला जवळ बसवलं. "मला नीट सांग. हे येणार आहे का नक्की?"

"येणार हे नक्की. लागणार का, ते दिशेवर आहे." तिने उत्तर-दक्षिणेचं समजावून सांगितलं.

सासूबाई हसल्या. "म्हणजे आमच्यासारखंच की. नंबर लागला तर बोलणं होणार, नाही तर घंटा वाजून वाजून बंद."

"अगदी तसंच."

"मग लागेल असं का म्हणतेस?"

"पिळावरून वाटतंय, आई."

"वाटतंय," त्या म्हणाल्या आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "वाटू दे. काळजीने माणूस म्हातारं होतं. मला बघ."

गुरुवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी यानावरून पहिला धक्का दिसला. आलेख एकदम उडी मारून वर गेला. तिने फोन उचलला. पलीकडे दीरच होता. "आला, भाऊजी. अर्धा तास." "घेतो बंद," तो म्हणाला. दहाच्या आत चार भाग अंधारात गेले, अर्थात दिवसाच्या उजेडात ते कुणाला अंधारासारखे वाटले नसतील. सिग्नल बंद, लिफ्ट बंद, पंखे बंद.

क्षेत्र उत्तरेचं होतं. आलेखावर उत्तर म्हणजे अधिक, दक्षिण म्हणजे उणे. अधिक बारा, अधिक चौदा, अधिक तेरा. तिने सांगितलं होतं अगदी तसंच. पंडित तिच्या मागे उभा राहून म्हणाला, "वा! पुढचा भाग तरी तंतोतंत." तिला आनंद झाला होता. ते तिने पुढे कधी नाकारलं नाही. बारा वर्षांत इतका नेमका अंदाज पहिल्यांदाच बसत होता.

अकरा चाळीसला दिराचा फोन आला. "वहिनी, अजून उत्तरच आहे ना? इकडे तक्रारींचा पाऊस पडतोय. वरून विचारताहेत, काही होत नाही तर बंद कशाला ठेवलंय. चालू करू?"

"नको. धोका आता सुरू होणार. बारा ते दोनच्या मध्ये वळेल."

"नक्की?"

"पुढचा भाग मी म्हटलं तसाच आला की नाही?"

"आला."

"मग."

त्याने फोन ठेवला. घरी काय चाललंय हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. आठ तासांचा सिलिंडर, पाच तासांचं काम. विचारण्यासारखं काही नव्हतं.

घरी मात्र वेगळंच घडलं होतं. पंखा बंद झाल्यावर सासूबाईंचा जीव घाबरा झाला. मावशी गेली दोन वर्षं त्यांच्याजवळ होत्या, त्यांना ते बघवेना. त्यांनी सिलिंडरची कळ दोनवरून चारवर नेली. सासूबाईंना लगेच बरं वाटलं, रंग परत आला, त्यांनी मावशींना एक्स्चेंजमधली एक जुनी गंमतसुद्धा सांगितली. ओढ दुप्पट झाली म्हणजे आठाचे चार तास होतात, हे मावशींच्या लक्षात आलं नाही. साडेबाराला काटा बघितला तेव्हा त्या घाबरल्या आणि त्यांनी थोरल्याला शाळेत फोन लावला. तो घरी आला, कळ खाली केली, पण कमी ओढीवर आता आईला श्वास पुरेना. पुन्हा चारवर न्यावी लागली. रुग्णवाहिकेचा नंबर लागत नव्हता. तो स्कूटर काढून दुसरा सिलिंडर आणायला निघाला आणि जाताना त्याने बायकोला फोन केला.

"काटा लाल रेघेवर आहे. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. मी आणायला चाललोय. तिकडून काही होतं का बघ."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने लगेच दिराला फोन लावला. एका श्वासात सांगितलं.

"आपला एक भाग चालू करता येईल," तो म्हणाला. "पण त्यासाठी तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर जोडावा लागेल. दक्षिणेला वळलं आणि तो गेला, तर नवा यायला वर्ष लागतं. एरवी अर्धं शहर त्याच्यावर असतं, इस्पितळासकट. वहिनी, तुम्ही सांगा. जोडू?"

तिने आलेखाकडे पाहिलं. एक वाजल्यापासून रेघ खाली यायला लागली होती. अधिक चौदावरून अधिक नऊ, अधिक सहा. आणि तिच्या डोळ्यांसमोर अधिक तीन. असंच वळतं. चार तास जिची वाट पाहिली ती गोष्ट समोर घडत होती. पंडितही तिथेच उभा होता, त्यानेही तेच पाहिलं.

"आत्ता नको, भाऊजी," ती म्हणाली. "आत्ताच वळतंय. थोडं थांबा."

"किती?"

"वळू द्या. जोर किती आहे कळला की सांगते."

रेघ अधिक एकपर्यंत आली. शून्याला टेकली. आणि तिथून पुन्हा वर चढायला लागली. अधिक चार. अधिक आठ. एक वाजून पस्तीस मिनिटांनी ती अधिक अकरावर होती आणि तशीच सपाट पुढे चालली होती.

तिने फोन उचलला. "जोडा. काहीही होवो, जोडा."

त्याने जोडायचा हुकूम दिला, पण त्या उपकेंद्राचा ब्रेकर, म्हणजे मुख्य स्विच, दुरून लागेना. माणसं पाठवावी लागली, सिग्नल बंद असल्यामुळे चौकाचौकात गाड्या अडकलेल्या. वीज आली तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. हॉलच्या कोपऱ्यातलं मशीन आपोआप घुरघुरायला लागलं. सासूबाई पावणेदोनच्या पुढे कधीतरी गेल्या होत्या. मावशी त्यांचा हात धरून बसल्या होत्या. त्या गेल्या तेव्हा थोरला सिलिंडर घेऊन जिना चढत होता.

वादळ संपेपर्यंत क्षेत्र दक्षिणेकडे वळलंच नाही. संध्याकाळी सहाला शेवटचा आकडा आला, अधिक पाच. एकाही ट्रान्सफॉर्मरला धक्का लागला नाही, आणि सगळे जोडलेले राहिले असते तरी लागला नसता.

पंधरा दिवसांनी चौकशीची बैठक झाली. ती समोर बसली, काय विचाराल ते सांगायला तयार. पण कुणी काही फारसं विचारलंच नाही. अहवालात लिहिलं होतं की इशारा उपलब्ध माहितीला धरून होता, भार नियंत्रण कक्षाने नियमाप्रमाणे काम केलं, आणि दोन्ही खात्यांमधला समन्वय वाखाणण्यासारखा होता. चार भागांत त्या पाच तासांत किती माणसं गेली याचा आकडा अहवालात नव्हता. तो गोळा करणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. बाहेर पडताना प्रमुख हळूच म्हणाले, "घरचं कळलं. रजा घ्या हवी तर."

तिने रजा घेतली नाही. घरी बसून काय करणार?

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. नवरा तिच्याशी पूर्वीपेक्षा सभ्य वागायला लागला. तिच्या आधी उठून चहा करायचा, तिचा डबा भरून ठेवायचा, काही हवं का विचारायचा. पाहुण्याशी वागतात तसं. मशीन ज्यांचं होतं ते येऊन घेऊन गेले आणि हॉल इतका शांत झाला की दोघंही टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत बसायला लागली. मावशी एकदा राहिलेले कपडे न्यायला आल्या आणि दारातच रडायला लागल्या, "मी कळ फिरवली, ताई, मीच फिरवली." तिने त्यांना धरून आत आणलं, पाणी दिलं. "तुमची चूक नाही," ती म्हणाली. मावशींना ते पटलं नाही. तिला स्वतःलाही बोलताना ते पोकळ वाटलं, कारण कुणाचीच चूक नाही हे ऐकून तिचं स्वतःचं कधी समाधान झालं नव्हतं.

दीर दीड महिन्याने केंद्रात आला. घरी नाही, केंद्रात. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. तो पडद्यांकडे बघत उभा राहिला.

"वहिनी, मला एकच सांगा. कळू शकलं असतं का?"

"काय?"

"की वळणार नाही म्हणून. सूर्यावर, त्या दोरीत, कुठे तरी. काही खूण होती का, जी बघायची राहिली?"

"मला माहीत नाही, भाऊजी."

"मग शोधा," तो म्हणाला. "असली तर सांगा. कुणाचं चुकलं ते कळू दे. नसली तरी सांगा. पण असं अधांतरी मला राहवत नाही."

तिने शोधायला घेतलं. नेहमीचं काम सकाळच्या पाळीत, आणि दुपारनंतर हे. जुन्या नोंदींमधून तिने त्रेचाळीस लोट निवडले, ज्यांची सुटण्याची जागाही नीट दिसली होती आणि यानावरची मोजणीही होती. प्रत्येकाच्या दोरीचा पीळ, तिरकेपणा, भोवतालच्या प्रभामंडळाची ढकलाढकल, वाटेतल्या सौरवाऱ्याचा वेग, सगळं मांडलं. पंडितने मदत केली, कधीकधी रविवारीसुद्धा. दुसऱ्या एका संस्थेतल्या म्हाताऱ्या प्राध्यापिका होत्या, त्यांनी आपली नवी पद्धत तिला पाठवली, अजून छापलीही नव्हती. तिने तीही वापरून पाहिली. मग दोन पद्धतींची सांगड घालून पाहिली. सात महिन्यांनी एकदा तिला वाटलं, सापडलं. चौदा लोटांपर्यंत सगळे बरोबर आले. ती त्या दिवशी घरी जाताना जवळजवळ धावत होती. पंधरावा चुकला, सोळावा चुकला, आणि विसाव्यापर्यंत ते सगळं पाण्यात गेलं.

वर्ष संपता संपता उत्तर हातात आलं. त्रेचाळीसपैकी चोवीस बरोबर, एकोणीस चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. आणि त्या गुरुवारचा लोट? तो तिने प्रत्येक पद्धतीने, प्रत्येक फेरीत घातला होता. तिच्या पद्धतीने, प्राध्यापिकाबाईंच्या पद्धतीने, दोन्ही मिळून. दर वेळी एकच उत्तर: मधोमध वळेल.

प्राध्यापिकाबाईंनी पत्रात लिहिलं, "लोट वाटेत कुठे तरी स्वतःभोवती फिरला असणार. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये आपले डोळे नाहीत. माझ्या हयातीत असतील असं मला वाटत नाही."

तिने दिराला बोलावलं. त्याने सगळे तक्ते शेवटपर्यंत पाहिले. इंजिनियर होता, त्याला वाचता येत होते.

"म्हणजे खूण नव्हती."

"नव्हती."

"आणि उद्या अगदी तस्सं पुन्हा आलं, तर तुम्ही पुन्हा तेच सांगणार."

"हो. दुसरं काही सांगायला माझ्याकडे आधार नाही."

"आणि तिकडे जो कुणी बसला असेल तो पुन्हा बंद करणार."

"करायलाच हवं, भाऊजी. त्या एकोणीसमध्ये नसून चोवीसमध्ये असलं तर?"

त्याने पसरलेले तक्ते गोळा केले. मग कागद नीट जुळवून, कडा समान करून टेबलावर ठेवले. "मी अर्ज दिलाय," तो म्हणाला. "मीटर तपासणी विभागात. तिथे एका वेळी एकाच घराची वीज बंद करावी लागते, आणि तीही घरातल्या माणसाला विचारून." जिन्यापर्यंत ती त्याच्याबरोबर गेली. पूर्वी तो निघताना काही तरी थट्टा करायचा. त्या दिवशी तो पायऱ्या मोजल्यासारखा उतरत गेला.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला निकाल सांगितला. तो ऐकत जेवत राहिला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"काय?"

"की काही निघणार नाही. मग वर्षभर कशाला राबलीस?"

"भाऊजींनी विचारलं होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू तर काहीच विचारलं नाहीस. एकदाही."

त्याने घास खाली ठेवला. "विचारलं असतं तर तू मलाही विचारलं असतंस."

"काय विचारलं असतं?"

"सिलिंडरवाल्याकडे काय झालं ते." तो ताटाकडे बघत बोलत होता. "त्याचं शटर विजेवरचं. तो हाताने फिरवून वर घेत होता. बाहेर रांग होती, वीसएक माणसं. या शहरात इतकी माणसं नळीवर जगतात हे मला माहीतच नव्हतं. मी चौथा होतो. माझ्या मागे एक बाई होती, कडेवर मूल, मुलाच्या नाकाला नळी, आणि हातातला छोटा सिलिंडर संपत आलेला. तिने काही मागितलं नाही. नुसती उभी होती. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा."

तिने त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

"मग तिच्यापुढच्या तिघांनीही तिला पुढे घेतलं. सिलिंडर जोडायला, तपासायला वेळ लागला. सात-आठ मिनिटं असतील. दहा असतील. मी जिन्यात होतो तेव्हा मावशींचा आवाज आला." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "मूल जगलं का तेही मला माहीत नाही."

तिला काही तरी म्हणायचं होतं. तू योग्य केलंस, हे तिच्या जिभेवर आलं. पण तिला हे वाक्य वर्षभर सगळ्यांनी ऐकवलं होतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने टेबलावरून हात पुढे केला. त्याने तो घेतला, थोडा वेळ धरला, आणि मग उठून दोघांची ताटं उचलून मोरीकडे नेली.

"उद्या पाळी किती वाजता?" त्याने आतून विचारलं.

"सकाळची. सात."

"डबा करून ठेवतो."

सकाळी सातला ती टेबलाशी बसली. सूर्य शांत होता. सौरवारा संथ, प्रभामंडळात काही हालचाल नाही. फक्त पूर्वेकडच्या कडेवर डागांचा एक मोठा नवा समूह वळून दिसायला लागला होता. तिने त्याला क्रमांक दिला, आणि तो आपल्या बरोबर समोर यायला सात दिवस लागतील अशी नोंद केली.